रक्तशुद्धीच्या रुग्णाचा हात

आठवड्याचे तास १६८. मूत्रपिंडे निकामी झालेला रुग्ण आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, डायलिसिसच्या यंत्राला जोडला गेला, तर त्यांपैकी १२ तास रुग्णालयात जातात. उरलेले १५६ तास तो घरी, शेतावर, बाजारात किंवा बसच्या प्रवासात असतो. या काळात त्याच्या जिवाची किल्ली त्याच्याच हातात असते, आणि तीही अगदी शब्दशः, मनगटाच्या कातडीखाली. ती कशी जपावी हे त्याला समजावून सांगण्याचे काम बहुतेक ठिकाणी डायलिसिस विभागातील परिचारिकेकडे येते.

यंत्राने रक्त शुद्ध करावयाचे म्हणजे दर मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त शरीराबाहेर काढावयाचे आणि तितकेच परत घालावयाचे. साध्या शिरेत एवढा प्रवाह नसतो. धमनीत असतो, परंतु ती खोल असते आणि तिला वारंवार टोचणे धोक्याचे असते. या अडचणीपायी कित्येक वर्षे डायलिसिस हा केवळ चार दिवसांचा उपाय राहिला, कारण प्रत्येक खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातावर कायम बसविण्याची युक्ती काढली आणि त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगला. पुढे न्यूयॉर्कमधील ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परकी नळीच वगळली. मनगटाजवळची धमनी आणि तिच्या शेजारची शीर यांना एकमेकींशी जोडावे, म्हणजे धमनीचा जोर शिरेत उतरून ती काही आठवड्यांत फुगते व जाड होते, हे त्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केले. या जोडास फिस्टुला म्हणतात. भगंदरासही डॉक्टर हाच शब्द वापरीत असल्याने पुष्कळ रुग्ण प्रथम दचकतात. पण येथे तो रोग नसून मुद्दाम करून घेतलेली सोय आहे.

आदिलाबाद जिल्ह्यात ही सोय सांभाळणे म्हणजे काय, याची कल्पना नकाशावरून येते. उत्तरेस पैनगंगा, पलीकडे यवतमाळ. दक्षिणेस हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर. आदिलाबाद शहरातील राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात डायलिसिस होते आणि राज्याच्या आरोग्यश्री योजनेमुळे गरिबास त्याचे पैसे पडत नाहीत. परंतु बंद पडलेला फिस्टुला पुन्हा सुरू करणारा शल्यविशारद प्रत्येक गावाच्या हाकेच्या अंतरावर नाही. उटनूर वा नारनूरकडच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यातच अर्धा दिवस जातो. म्हणून येथे बिघाड होऊ न देणे हाच स्वस्त आणि खरा उपचार.

त्या शिकवणीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट सर्वांत सोपी आहे. चांगल्या चाललेल्या फिस्टुलावर बोटे ठेवली की मांजर घुरघुरताना तिच्या अंगाला हात लावावा तशी थरथर लागते. रोज सकाळी उठल्यावर व रात्री निजण्यापूर्वी ती पाहावयाची. थरथर मंदावली किंवा थांबली, तर आत रक्ताची गाठ धरली असण्याचा संभव असतो. अशा वेळी पुढच्या पाळीची वाट पाहण्यात अर्थ नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जावयास हवे. काही तासांत गेलेल्याचा फिस्टुला पुष्कळदा वाचविता येतो. आठवडाभराने गेलेल्याला बहुधा गळ्यात नळी घालून घ्यावी लागते आणि दुसऱ्या जागी नवा जोड करावा लागतो. माणसाच्या अंगावर अशा जागा मोजक्याच असतात.

दुसरी गोष्ट दिसावयास क्षुल्लक, पण गावात तिच्यावरच घोटाळा होतो. त्या हाताचा रक्तदाब मोजू द्यावयाचा नाही, त्यातून तपासणीसाठी रक्त काढू द्यावयाचे नाही, आणि त्यात सलाईन तर कदापि लावू द्यावयाचे नाही. अशक्तपणा वाटला की गावातल्या वैद्याकडून बाटली लावून घेण्याची सवय या भागात फार. फुगलेली ठसठशीत शीर पाहून तेथेच सुई खुपसण्याचा मोह त्यालाही होतो. तेव्हा ‘हा हात डायलिसिसचा आहे, दुसरा घ्या’ हे वाक्य रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना पाठ असावे लागते.

मग बांगड्यांचा प्रश्न येतो. घट्ट बांगडी, कडे, घड्याळ, मनगटाला बांधलेला दोरा, आवळ बाही, यांतील कशानेही प्रवाह दबतो. परंतु सवाष्ण बाईला एक हात मोकळा ठेवा म्हणणे सोपे नाही. ही आज्ञा पुरुष डॉक्टराच्या तोंडून आली, तर ती मान हलवते आणि घरी जाऊन बांगड्या पुन्हा भरते. परिचारिका सासूलाच जवळ बसविते, तिचा हात सुनेच्या मनगटावर ठेवून ती थरथर दाखविते, आणि दुसऱ्या हातात हव्या तितक्या बांगड्या भरा म्हणते. येथे बाईपणाचा उपयोग पदवीहून अधिक होतो. त्या हातावर डोके ठेवून झोपू नये, त्यावर पाण्याची घागर किंवा कापसाचे ओझे पेलू नये, ही वाक्येही मग त्याच ओघात सांगता येतात.

भाषेचा मुद्दा तर येथे टाळताच येत नाही. १९५६ साली किनवट व राजुरा हे भाग या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, तरी बेला, जैनदकडे मराठी घरे राहिलीच. शिवाय तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा आणि उर्दू. छापील तेलुगू पत्रक हाती देऊन काम होत नाही. सांगितलेले समजले की नाही, हे पाहण्याची एकच खात्रीची रीत आहे. परिचारिका विचारते, ‘मामा, सकाळी हात बघितला का?’ ‘बघितला ना, सिस्टर.’ ‘कसा बघितला, दाखवा बरं.’ आणि मामा बोटे कोपरावर ठेवतात! ‘समजले’ हा शब्द रुग्णालयात फार स्वस्त आहे. अशा शिकवणीने रुग्णाची माहिती व वागणूक सुधारते, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. मात्र ती एकदा सांगून भागत नाही, दर काही पाळ्यांनी पुन्हा करून घ्यावी लागते.

सुया काढल्यावर घरी रक्त वाहू लागले, तर स्वच्छ कापडाने नेमक्या छिद्रावर बोटाने दाबून हात वर धरावा. हळद वा चुना भरू नये, दंडाला फडके करकचून बांधू नये. दहा-पंधरा मिनिटांत थांबले नाही, तर दाब न सोडता निघावे. रक्ताची चिळकांडी उडत असेल, तर तितकेही थांबू नये. जागा लाल, गरम, पुवाळलेली दिसली, ताप आला, किंवा बोटे गार व निळसर पडली, तरीही दाखवावयास हवे. ज्यांच्या गळ्यात नळी आहे त्यांनी ती भिजू देऊ नये व तिची टोपणे घरी उघडू नयेत. तेथून शिरलेला जंतू थेट रक्तात जातो.

ज्यांची मूत्रपिंडे मधुमेहाने वा रक्तदाबाने खंगत चालली आहेत, पण डायलिसिस अजून सुरू व्हावयाचे आहे, त्यांनी आतापासूनच एक हात राखावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावा. रक्त काढावयाचे वा सलाईन लावावयाचे झाले, तर दुसऱ्या हाताच्या पंजाच्या पाठीवरची शीर पुढे करावी. फिस्टुला तयार होण्यास सहा आठवडे तरी लागतात, आणि ज्या शिरेवर तो बांधावयाचा, ती त्या दिवशी शाबूत असावी लागते.