नाचऱ्या अक्षराचा दप्तरदाखला

आपल्याकडील जुन्या छापील पुस्तकांत ‘कधीं २’, ‘वेगळे २’ अशी शब्दद्विरुक्तीची खूण ज्यांनी पाहिली असेल, त्यांना जपानी लेखनातील ‘ओदोरिजी’चे, म्हणजे नाचऱ्या अक्षराचे, नवल वाटण्याचे कारण नाही, भेद इतकाच, की आपला दोनचा आकडा लेखनिकाच्या सोयीसाठी आला आणि कालांतराने निघून गेला, तर जपानी चिन्हाने लोकांच्या आडनावांतही कायमचा मुक्काम केला. ‘हितो’ म्हणजे माणूस. त्याच्या चित्राक्षरापुढे हे चिन्ह मांडले, की ‘हितोबितो’, म्हणजे माणसेच माणसे. ‘सासाकी’ या सर्वपरिचित आडनावात डोळ्यांना अक्षरे तीन दिसत असली, तरी मधले अक्षर पहिल्याची केवळ आठवण असते. या चिन्हाला स्वतःचा उच्चार नाही. सबब, कताकाना लिपीतील ‘नो’ आणि ‘मा’ जोडल्यासारखा त्याचा घाट पाहून लोक त्याला ‘नोमा’ म्हणतात.

१९७८ साली जपानने संगणकासाठी अक्षरांची जी सारणी मुक्रर केली, तीत या चिन्हाला हजारो चित्राक्षरांच्या समूहात नव्हे, तर आरंभीच्या चिन्हांच्या ओळीत जागा मिळाली. पुढे युनिकोडने त्याला ३००५ हा षोडशमान क्रमांक दिला. लिपीच्या रकान्यात त्याची नोंद चिनी चित्राक्षरांबरोबर आहे, परंतु हुद्दा मात्र सहायक अक्षराचा. ही तजवीज मला फार मार्मिक वाटते. यंत्र येथे पुनरुक्त अक्षर साठवीत नाही, पुनरुक्तीची आज्ञा साठवते. आणि म्हणूनच तेच अक्षर दोनदा लिहून शोध घेतला, तर केवळ क्रमांक ताडून पाहणाऱ्या यंत्राला चिन्हयुक्त शब्द सापडत नाही. उलट, लागोपाठ तेच अक्षर दिसले म्हणून यंत्राने सरसकट चिन्ह घालावे, तर तेही चुकते: ‘मिन्शुशुगी’, म्हणजे लोकशाही, या शब्दात ‘शु’चे चित्राक्षर दोनदा येते, पण पहिले ‘मिन्शु’चे आणि दुसरे ‘शुगी’चे, त्यामुळे तेथे ते दोन्ही वेळा पूर्ण लिहिण्याचाच शिरस्ता आहे.

हिरागाना आणि कताकाना लिपींची आवर्तनचिन्हे निराळी. हिरागानाची दोन, साधे आणि घोष, अनुक्रमे ३०९डी आणि ३०९ई या क्रमांकांवर आहेत. नात्सुमे सोसेकी यांच्या १९१४ च्या ‘कोकोरो’ या कादंबरीचे नाव याच साध्या चिन्हाने लिहिले गेले होते. खरी अडचण उभी केली ती अनेक अक्षरांच्या आवृत्तीसाठी उभ्या लेखनात येणाऱ्या, ‘कु’ अक्षर ताणल्यासारख्या दिसणाऱ्या चिन्हाने. कारण ते दोन घरे व्यापते, आणि टंकाचा सारा हिशोब एका अक्षरास एक घर असा. युनिकोडने अखंड चिन्ह तर दिलेच, शिवाय वरचा आणि खालचा अर्धा भाग यांनाही वेगळे क्रमांक दिले. एवढा बंदोबस्त असूनही जुने साहित्य संगणकावर उतरवणाऱ्या ‘आओझोरा बुन्को’च्या स्वयंसेवकांनी सोपी वाट धरली: विरुद्ध दिशांना कललेल्या दोन रेघा शेजारी ठेवायच्या, आणि उच्चार घोष असेल, तर त्यांच्या मधोमध दोन बारीक फटकारे द्यायचे.