वाटी बदलल्यानंतरचे बारा आठवडे

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत ज्या शस्त्रक्रियेला 'वाटी बदलली' असे म्हणतात, तिच्यात वाटीचे हाड वास्तविक जागीच राहते. झिजून खडबडीत झालेली मांडीच्या व नडगीच्या हाडांची टोके छाटून त्यांवर धातूचे आवरण चढवितात आणि मध्ये पॉलिथिलीनची चकती बसवितात. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयी यांचा डावा गुडघा डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला आणि उजव्यासाठी पुढच्या वर्षीचा जून उजाडला, तेव्हा हा इलाज थोरामोठ्यांचाच मानला जाई. परंतु ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत कराखेरीज ५४,७२० रुपये ठरविल्यापासून मध्यम ऐपतीची कुटुंबेही त्याचा विचार करू लागली.

मात्र आपल्याकडे निकालाची घाई फार. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावले टाकलेली आजी दहाव्या दिवशी कण्हू लागली, की भेटीस आलेली मंडळी शस्त्रक्रिया फसल्याची नोंद करून मोकळी होतात. वस्तुतः पहिले दोन आठवडे वेदनेचे, सहा आठवडे सुजेचे, आणि सांध्याची ऊब व व्रणाच्या बाहेरच्या अंगाची बधिरता तर त्याहूनही दीर्घ मुदतीची असते. जुने दुखणे गेले की नाही, हे बारा आठवड्यांपूर्वी विचारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत सुमारे पाचांपैकी एक रुग्ण पुढेही पूर्ण समाधानी आढळत नाही, हेही आधीच सांगितले पाहिजे.

दुसरी चूक अधिक नुकसानीची. गुडघा किती वाकतो याचीच सर्वांना चिंता. खुर्चीवरून उठण्यास व जिना चढण्यास मात्र ९० ते १०० अंश बहुधा पुरतात. उकिडवे बसण्यास १३० हून अधिक लागतात, म्हणून भुईवरचे शौचकूप, चुलीपुढचे बसणे, शेतातले खुरपणे यांची पर्यायी तजवीज रुग्ण घरी येण्याआधीच व्हावी. खरी काळजी घ्यावी ती पाय पुरता सरळ होण्याची. तो किंचित वाकलेला राहिला, तर मांडीचा स्नायू दुबळा राहतो आणि लंगडणे जात नाही.

जखमेतून स्राव, थंडी वाजून ताप, पोटरीची वाढती सूज, अथवा एकाएकी लागलेली धाप दिसताच, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. आणि माया म्हणून गुडघ्याखाली ठेवलेली उशी कृपा करून आजच काढावी. ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी.