विश्लेषण : ‘याला येरवड्याला पाठवा’ हे मुले कुठून शिकतात?

पुण्यात कुणी वेगळे वागले की ‘याला येरवड्याला पाठवा’, मुंबईकडे ‘ठाण्याला भरती करा’ आणि नागपुरात थेट ‘पागलखाना’. तिन्ही ठिकाणी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. दुसरी-तिसरीतल्या मुलाला मानसिक आजार म्हणजे काय हे ठाऊक नसते. पण त्यावर हसायचे असते, हे मात्र पक्के ठाऊक असते. हे ‘शिक्षण’ होते कुठे?

कार्टूनचा वाटा किती?
घरातले बोलणे आणि मित्रांचे चिडवणे यांच्या जोडीला पडदाही आहे. न्यूझीलंडमधील संशोधकांनी लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांचे १२८ भाग तपासले. त्यातील ५९ भागांत मानसिक आजाराचे उल्लेख आढळले. हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडातील २००४ च्या अभ्यासात डिस्नेच्या ३४ अ‍ॅनिमेशनपटांपैकी ८५ टक्के चित्रपटांत असे उल्लेख होते. बहुतेक वेळा ‘वेडा’ या अर्थाचे शब्द एखाद्या पात्राला हिणवण्यासाठी किंवा वेगळे पाडण्यासाठी वापरलेले होते.

गप्प बसण्याने काय होते?
काकांना मधुमेह असेल तर घरात उघड बोलले जाते. नैराश्याच्या गोळ्या मात्र कपाटात लपतात आणि पाहुणे आले की ‘काका गावाला गेलेत’ असे सांगितले जाते. त्यावरून ही लाजेची गोष्ट आहे, असे मूल समजते. लहान मुले अनेकदा स्वतःलाच दोष देतात : ‘मी मस्ती केली म्हणून आई रडते.’

फटका कुणाला बसतो?
त्याच मुलाला. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जवळपास निम्मे मानसिक विकार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू होतात आणि त्यातील बहुतांश लक्षातच येत नाहीत. ‘निम्हान्स’च्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. ज्याने आठवीपर्यंत ‘मेंटल’ हा शब्द शिवी म्हणूनच ऐकला, त्याची नववीत झोप उडाली तर तो सांगणार कुणाला?

मुलांशी काय बोलावे?
पाच-सहा वर्षांच्या मुलाला आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही. ‘आईच्या मनाला बरे नाही. डॉक्टर औषध देत आहेत. हे तुझ्यामुळे झालेले नाही. तुला काही विचारायचे असेल तर विचार,’ एवढे पुरते. ‘उद्या बरी होईल’ असे खोटे आश्वासन टाळावे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आजाराचे नाव आणि उपचारांना वेळ लागतो, हे सांगता येते. उत्तर येत नसेल तर ‘डॉक्टरांना विचारू’ म्हणावे. मूल कुणाला ‘येडा’ म्हणाले, तर ओरडण्याऐवजी ‘तो कसा वागला?’ असे विचारावे आणि चिडला, घाबरला, गोंधळला असा नेमका शब्द त्याच्या हाती द्यावा.

मदत कुठे मिळेल?
केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजाराच्या रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच समान वागणूक मिळायला हवी. आजाराभोवतीचा कलंक कमी करणे ही कायद्याने सरकारची जबाबदारी आहे. घरात बोलताना ‘येरवडा’ हे रुग्णालयाचे नाव म्हणून घ्यायचे की शिवी म्हणून, हे मात्र मोठ्यांनाच ठरवावे लागेल.