दीड महिना ते दीड वर्ष

सकाळी ९. आधी कालची कार्डं. बाळांच्या टाचेच्या रक्ताचे ठिपके रात्रभर रॅकवर सुकून तपकिरी झालेत. प्रत्येक कार्ड वेगळ्या पिशवीत, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या. मग पाकीट तपासणीला रवाना.

९.४५. आज गरोदर बायकांची (एएनसी) ओपीडी, बाकडी भरलेली. गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत एचआयव्हीची तपासणी होते.

११. एक बाई, पाचवा महिना. आशाताईंसोबत आली होती, पण आत एकटीच बसली. तिन्ही किटवर पॉझिटिव्ह. "मॅडम, मी तर कुठं बाहेर गेले पण नाही." मला माहीत होतं ती हेच म्हणणार. दिवस गेले म्हणून बाईची तपासणी आधी होते, आजार आधी तिच्यात सापडतो आणि घर म्हणतं, हिनंच आणला. हा अन्याय मला रोज दिसतो. म्हणून नवऱ्याला तपासणीला बोलावण्याचं ओझं मी तिच्या एकटीच्या डोक्यावर टाकत नाही. निरोप कसा द्यायचा ते दोघी मिळून ठरवतो.

तिला आकडे सांगितले. आईला उपचार नसेल तर एचआयव्ही असलेल्या आयांच्या शंभर बाळांतल्या पंधरा ते पंचेचाळीस जणांना लागण होते. गोळी रोज घेतली आणि बाळाला औषध दिलं, तर पाचांपेक्षा कमी. तिचा प्रश्न वेगळाच होता: "सासूला कळंल का?" माझ्याकडून नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदाच तसा आहे. मग एचआयव्हीची औषधं मिळतात त्या एआरटी सेंटरला सोबत गेले. २०१४ पासून सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, गरोदर बाईला गोळ्या लगेच सुरू होतात आणि जन्मभर चालतात. आता रोज एकच गोळी.

१२.३०. एचआयव्ही असलेल्या आईचं दीड महिन्याचं बाळ, लसीच्या डोसालाच आलेलं. त्याच फेरीत काम झालं की घरी कुणी विचारत नाही. टाच कोमट केली, कडेला टोचलं, पहिला थेंब पुसला. पुढचा थेंब मोठा होऊन आपसूक कागदावर पडू द्यायचा, दाबून काढायचा नाही. पाच गोल भरले. साधी किट इथं चालत नाही, कारण आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. विषाणू थेट शोधावा लागतो.

२.१५. बाळंतिणींचा वॉर्ड. अशाच एका आईचं काल जन्मलेलं बाळ अडीच किलोच्या वर, म्हणून लागण टाळायचं औषध नेव्हिरॅपिन दीड मिलि, दिवसातून एकदा, सहा आठवडे. (आईचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, आटोक्यात नसेल तर औषधं दोन आणि मुदत बारा आठवडे.) सिरिंजवरच्या दीडच्या रेघेवर मी पेनानं खूण केली. आईनं माझ्यासमोर औषध भरलं आणि गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू सोडलं.

तेवढ्यात आजींनी मधाची बाटली काढली. इथं खरी कसोटी. अंगावरच्या दुधासोबत मध, घुटी, वरचं दूध असं काहीही गेलं, की आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. आजींना यातलं काही ठाऊक नाही, ठाऊक होऊही द्यायचं नाही. "आजी, सहा महिने पाणीसुद्धा नाही. वॉर्डातल्या सगळ्याच बाळांना हेच सांगितलंय." आणि ते खरंच आहे. म्हणून शेजारच्या चार खाटांवरही तेच मोठ्यानं सांगून आले. आजींनी बाटली पिशवीत टाकली.

४. फोन. एका बाळाचा सहा महिन्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता, वर्षाची तपासणीही निगेटिव्ह. घरच्यांना वाटतं सुटलो. पण अंगावर पितंय तोवर धोका आहे, अठरा महिन्यांची तपासणी झाल्याशिवाय केस बंद होत नाही. आता अठरा महिने भरलेत आणि कुटुंब ऊसतोडीला परजिल्ह्यात. हाताशी नंबर फक्त मुकादमाचा.

"दादा, बाळाची तपासणी राहिलीय, ताईंना फोन द्या."

बऱ्याच वेळानं बाळाची आई फोनवर आली. गोळ्या आठवडाभर पुरतील म्हणाली. खाडा केला तर पैसे कापतात, तरी परवा तिकडच्या सेंटरला जाईन म्हणाली. कारखान्याजवळच्या सेंटरमधल्या समुपदेशकताईंना तिच्याबद्दल कळवलं, बाळाची तपासणी आणि तिच्या गोळ्या एकाच फेरीत करा म्हणून सांगितलं. परवा दुपारी मीच फोन करीन.