नवी गिटार, उंच तारा आणि दुखरी बोटे

दहावी-बारावीचे निकाल लागले की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार घेऊन मुले येऊ लागतात. डाव्या हाताची बोटे दुखतात, मनगट भरून येते, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. चौकशी केली की कळते, चांगल्या गुणांबद्दल घरच्यांनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली आहे. सोबतचे पालक म्हणतात, "डॉक्टर, सवय नाही म्हणून दुखतंय, एखादी गोळी द्या." मुलाच्या मनात मात्र वेगळीच शंका असते. आपली बोटेच या वाद्याच्या लायकीची नाहीत, असे त्याला वाटू लागलेले असते. अशी कित्येक मुले दोन महिन्यांत वाद्य माळ्यावर टाकून देतात.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात असताना मीही थोडीफार गिटार वाजवत असे. त्यामुळे अशा रुग्णाला मी औषध लिहून देण्याआधी विचारतो, "तुझ्या गिटारच्या तारा किती उंच आहेत?" बहुतेकांना हा प्रश्नच नवा असतो.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. आपल्या सतारीला पडदे असतात, तसेच हे. फ्रेट आणि तार यांमधील अंतराला वादक 'ॲक्शन' म्हणतात. हे अंतर जितके जास्त, तितकी तार खाली दाबायला ताकद जास्त लागते. कारखान्यातून निघालेल्या नव्या गिटारच्या तारा पुष्कळदा जरा उंच ठेवलेल्या असतात, कारण उंच तार फ्रेटवर घासून खरखरत नाही. दुकानदार तशीच गिटार हाती देतो आणि त्रास मुलाच्या बोटांना होतो.

शरीरात काय होते?

बोटे वाकवणारे स्नायू हाताच्या पंजात नसून कोपराखालच्या भागात असतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या नऊ शिरा, म्हणजे स्नायुबंध, मनगटातील एका अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात. त्याच बोगद्यातून एक महत्त्वाची नसही जाते. मनगट वाकवून आणि जोर लावून तार दाबली की बोगद्यातील दाब वाढतो. हे रोज तास-दोन तास चालले तर स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येते आणि नस दबते. मग अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. मानेच्या मागून अंगठ्याचा चिमटा घट्ट धरल्याने अंगठ्याच्या मुळाशीही सूज येऊ शकते.

बोटांच्या टोकांची आग होणे मात्र वेगळे. ते पहिल्या काही आठवड्यांत सर्वांनाच होते. साधारण तीन-चार आठवड्यांत तेथील कातडी जाड होते आणि त्रास थांबतो. कातडीचे दुखणे सहन करण्यासारखे आहे, मनगटाचे नाही. हा फरक पालकांनी लक्षात ठेवावा.

उंची कशी मोजावी?

प्रथम सर्व तारा सुरात लावून घ्याव्यात. ढिल्या तारांवर केलेले मोजमाप फसवे असते. नंतर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरावी आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर पाहावे. जाड तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली सुमारे १.५ मिलिमीटर अंतर नवशिक्याला सोयीचे असते. ते अडीच-तीन मिलिमीटर भरले तर तारा उतरवायला हव्यात.

त्याआधी मान तपासावी. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरली असता मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसावी. ती पुष्कळ जास्त असेल तर मान वाकली आहे. ती सरळ करण्यासाठी आत ट्रस रॉड नावाची सळई असते, पण ती जाणकाराकडूनच फिरवून घ्यावी. जास्त पिळली तर मानेचे कायमचे नुकसान होते.

तारा कशा उतरवाव्यात?

मान ठीक असेल तर पुढचे काम घरी होते. ज्या गिटारमध्ये ब्रिजवर प्रत्येक तारेसाठी वेगळी छोटी घोडी असते, तिथे घोडीला दोन बारीक स्क्रू असतात. ते गिटारबरोबर मिळणाऱ्या ॲलन कीने फिरतात. तार थोडी सैल करून दोन्ही स्क्रू सारखेच, एका वेळी पाव फेरा फिरवावेत. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण ब्रिज दोन खांबांवर उभा असतो आणि दोन बाजूंच्या चकत्या फिरवून तो वरखाली होतो. एक हिशेब ध्यानात ठेवावा. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून ब्रिजपाशी तार १ मिलिमीटर उतरवली तर बाराव्या फ्रेटवर ती अर्धा मिलिमीटरच उतरते.

प्रत्येक फेऱ्यानंतर तार पुन्हा सुरात लावावी आणि सर्व फ्रेटवर वाजवून पाहावी. खरखर ऐकू आली तर तार किंचित वर घ्यावी. ॲम्प्लिफायरमधून ऐकू न येणारी बारीक खरखर चालते. उंची बदलल्यावर सुरातही थोडा फरक पडतो, म्हणून बाराव्या फ्रेटचा स्वर शेवटी तपासून घ्यावा. ब्रिजला तारा घट्ट आवळणारी कुलपे असतील तर मात्र काम कारागिरावरच सोपवावे.

फक्त पहिल्या एक-दोन फ्रेटवरच दाबायला त्रास होत असेल तर दोष मानेच्या टोकावरील नटमध्ये असतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट दिसावी. नटच्या खाचा घासाव्या लागतात आणि जास्त घासलेले परत भरून येत नाही. तेव्हा ते कामही कारागिराचेच.

तारांची जाडीही पाहावी. ०.०१० इंचाच्या संचाऐवजी ०.००९ इंचाचा संच लावला तर ताण कमी होतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते आणि मान थोडी हलते. म्हणून जूनमध्ये बसवलेल्या तारा दिवाळीनंतर पुन्हा मोजाव्यात.

वाद्य आपल्या हाताप्रमाणे जुळवून घेण्यात कमीपणा नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी यांनी १९६५ साली, सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबणारा हातच जखमी झाला. त्यांनी वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बोटांवर चढवल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताणही उतरवला. 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाचे गिटारवादक म्हणून जग त्यांना ओळखते.

काही सूचना

सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटे वाजवून पाच मिनिटे विश्रांती घ्यावी. मनगट शक्य तितके सरळ ठेवावे. डाव्या हाताची नखे कापलेली असावीत. बोटाला फोड आला तर तो फोडू नये, बरा होईपर्यंत वाजवणे थांबवावे. मधुमेहींनी अधिक काळजी घ्यावी. त्यांच्या बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते, जखम लवकर चिघळते आणि मनगटातील नस दबण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त असते. अलीकडे निवृत्तीनंतर गिटार शिकणारेही भेटतात, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. बोटांच्या टोकांना खाज सुटून कातडी भेगाळत असेल तर तारांवरील निकेलची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी आवरण असलेल्या तारा लावून पाहाव्यात.

वेदनाशामक गोळी खाऊन सराव चालू ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय. गोळीने दुखणे झाकले जाते, इजा होतच राहते. तारा उतरवून आणि आठवडाभर विश्रांती घेऊनही मनगट दुखत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, बोट वाकवल्यावर अडकत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर विनाविलंब डॉक्टरांना हात दाखवावा. आणि दाखवायला जाताना शक्य असेल तर गिटारही बरोबर न्यावी. रुग्ण ती कशी धरतो हे पाहिले की निदान पुष्कळ सोपे होते.