नळदुर्गचे ‘आपलं घर’ आणि आमचे घर

नळदुर्ग म्हटले की किल्ला आठवतो आणि किल्ला म्हटले की पाणीमहाल. बोरी नदीला किल्ल्यातच बांध घातलेला, बांधाच्या पोटात महाल, आणि पावसाळ्यात नदी भरली की वरून ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे कोसळतात. आत उभा असलेला माणूस मात्र कोरडा! दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ साली झालेले हे बांधकाम. श्रावणात मी माझ्या चौदा वर्षांच्या नातवाला घेऊन सोलापूरहून एस.टी.ने नळदुर्गला गेलो, तो हे नवल दाखवायला. धबधबे पाहिले, डोळे निवले. पण त्या दिवसाची खरी आठवण राहिली ती एका घराची.

सोलापूरचे माझे एक जुने स्नेही बरोबर होते. आम्ही दोघे लहानपणी सेवा दलाच्या एकाच शाखेत खेळलो. ते म्हणाले, “इथवर आलाच आहात, तर ‘आपलं घर’ पाहिल्याशिवाय परत जायचं नाही.” मला आधीच कल्पना दिल्यामुळे मी तयारीने गेलो होतो. नातवाचे आखूड झालेले कपडे, जुनी पुस्तके आणि बुंदीचे लाडू असे भले मोठे गाठोडे माझ्याजवळ होते. दान करायला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे तेज असते. ते माझ्याही चेहऱ्यावर असणार!

या घराची सुरुवात एका काळरात्रीत आहे. १९९३ सालच्या अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लातूर-उस्मानाबादकडची गावे दमून झोपली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारच्या सुमारास, धरणी हलली. तिकडची घरे दगडमातीची, भिंती हात-दोन हात रुंद, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात ज्या माळवदाने सावली दिली, तेच त्या पहाटे निजलेल्यांच्या अंगावर आले. किल्लारी, सास्तूर ही नावे साऱ्या देशाला ठाऊक झाली. आठ-दहा हजार माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

घरे पुन्हा बांधता येतात. पण ढिगाऱ्यातून जी मुले एकटीच बाहेर आली, त्यांचे काय? शांतिलाल मुथ्था यांनी शेकडो मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. इकडे राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गला मुलांसाठी घर उभारले. त्यात पुढाकार होता बार्शीचे समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांचा. नाव ठेवले ‘आपलं घर’.

हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. आपल्याकडे अशा कामाची परंपरा जुनी आहे. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ सालचा, अण्णासाहेब कर्व्यांचा बालिकाश्रम १८९६ सालचा. त्यांचे उपकार थोर. पण त्या काळच्या रीतीप्रमाणे दोन्ही नावांच्या आरंभी ‘अनाथ’ हा शब्द होता. पाटीवरचा तो शब्द मुलाला रोज शाळेत जाताना आणि येताना वाचावा लागतो. नळदुर्गच्या पाटीवर तो नाही.

फाटकाशीच स्नेह्यांनी मला बजावले, “हे पाहा, आईबापांबद्दल विचारू नका. येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारतो.” मी मान डोलावली. आणि आत पाऊल टाकून पाच मिनिटे होतात न होतात, तोच अंगणात झाडणाऱ्या एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाला विचारले, “बाळ, तुझं घर कुठं रे?”

त्याने खराटा थांबवला, माझ्याकडे जरा नवलानेच पाहिले आणि म्हणाला, “हेच की, आजोबा.”

मी ओशाळलो. हातातले गाठोडे एकाएकी फार जड वाटू लागले.

भूकंपातली मुले केव्हाच मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली. घर मात्र चालू राहिले, कारण आधार तुटायला दर वेळी भूकंपच लागतो असे नाही. आमचे स्नेही म्हणाले, “पाहुण्यांना वाटतं, मुलांना जेवू घातलं, शाळेत घातलं की झालं. पण कायद्यानं मूल अठराव्या वर्षापर्यंतच मूल. त्यानंतर त्याला स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं. तुमच्या-माझ्या मुलाला नोकरी लागली नाही तर तो घरी येऊन झोपतो. यांनी कुठं जायचं?”

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत पुढच्या आधाराची सोय आहे. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अनाथ मुलांसाठी शिक्षणात व नोकरीत एक टक्का जागाही राखल्या. ज्याला आपली जात ठाऊक नाही, त्याला जातीचा दाखला कोण देणार, हा प्रश्न तोवर कुणाला फारसा सुचलाच नव्हता. पण जागा मिळवायची तर कचेरीत जाऊन अर्ज लिहिता आला पाहिजे, साहेबासमोर न अडखळता बोलता आले पाहिजे. मिळालेल्या पैशाचा हिशेब, दोन वेळचा स्वयंपाक, फसवणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य, हीच खरी शिदोरी. आजकाल याला ‘जीवनकौशल्ये’ असे भारदस्त नाव आहे. आमच्या आजीच्या भाषेत, ‘हातापायाला वळण’!

सेवा दलाची शिकवणीची रीत जुनीच आहे. ४ जून १९४१ रोजी पुण्यात हे दल सुरू झाले, एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख. खेळ, गाणी, लेझीम, श्रमदान, मग गोल बसून चर्चा. निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखे नट दलाच्या कलापथकातून पुढे आले हे पुष्कळांना माहीत आहे. पण एका ओळीत उभे राहताना शेजारच्याची जात विचारायची नाही, हा धडा ज्या हजारो मुलांनी तिथे गिरवला, त्यांची नावे कुठे छापून येत नाहीत. मीही त्यातलाच एक.

दुपारी पंगतीत आम्ही मुलांबरोबरच बसलो. भाकरी, आमटी, भाजी. जेवण होताच नातू सवयीप्रमाणे हात धुवायला उठला. समोरची दहा वर्षांची मुलगी अगदी साधेपणाने म्हणाली, “दादा, ताट राहिलं तुमचं.”

पोरगा कानापर्यंत लाल झाला. ताट घेऊन नळाशी गेला. तिथे त्याला कळेना, आधी पाणी की आधी घासणी! शेवटी त्या मुलीनेच दाखवले. इंग्रजी शाळेत नव्वद टक्के मिळवणारा आमचा नातू त्या दिवशी तिचा विद्यार्थी झाला. परतीच्या एस.टी.त तो खिडकीबाहेर पाहत गप्प बसून होता. मला वाटले, दमला असेल.

घरी आल्यावर त्या रात्री त्याने आपले ताट स्वतः घासले. सूनबाई घाबरल्या, “अरे, उद्या बाई येतील ना!” आम्ही हसलो. हसू थांबले ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई वीस वर्षांपासून येतात. त्यांच्या चहाचा कप स्वयंपाकघराच्या खिडकीत वेगळा असतो. त्याचा कान तुटलेला आहे. नातवाने तो हातात घेऊन मला विचारले, “आजोबा, तुम्ही शाखेत जात होता ना? मग हा कप इथं का?”

वाचकहो, मी आयुष्यभर समतेची गाणी म्हटली, निवडणुकीत समतेलाच मत दिले. पण त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. “पहिल्यापासून तसंच आहे,” एवढेच मी पुटपुटलो. माळवदही पहिल्यापासून तसेच होते.

कप त्याच दिवशी केरात गेला. बाईंना आता घरातल्याच कपात चहा मिळतो. आमच्या सौभाग्यवती पहिले दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि खरे सांगायचे तर बाईंनाही पहिल्या दिवशी तो चहा नीट गेला नाही. वीस वर्षांची सवय दोन्ही बाजूंना होती.

परवा फराळाचा बेत ठरत होता. सौ. करंजीचे सारण परतत होत्या. माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, “पाडव्याला बाईंना मुलांसकट फराळाला बोलावलं आहे. टेबलाशी चार खुर्च्या कमी पडतील. शेजारून आणून ठेवा.”

मी लगेच पायांत चपला सरकवल्या.