माझी वही परत येते!

गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. म्हणजे दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघा ओढणे हा माझा धंदाच! यंदा माझीच वही तशी परत आली, त्याची ही हकिगत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा संगणकावर लिहीत बसलो होतो. पाहतो तो एका बटणावर ‘रद्द’च्या जागी चक्क ‘रद्ध’!

“कोण हे गाढव?” मी ओरडलो.

पुतण्या शेजारीच होता. म्हणाला, “काका, कुणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जागून, फुकट केलेलं भाषांतर आहे ते. तुम्हीच दुरुस्त करा की!”

“मला संगणकाची भाषा कुठे येते?”

“मराठी येते ना?”

यावर काय बोलणार? मग त्यानेच समजावून सांगितले. बाजारातली चकली आपण खातो, पण भाजणीचे प्रमाण दुकानदार सांगत नाही. ‘ओपन सोर्स’मध्ये चकलीबरोबर प्रमाणही मिळते. ते वाचा, बदला, शेजारणीलाही द्या. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले ‘लिनक्स’ असेच हजारो हातांनी वाढले. पत्रे, हिशेब लिहिण्याचे ‘लिबरऑफिस’ही २०१० पासून असेच चालले आहे.

मला चेव आला. एका बैठकीत मी चाळीस वाक्ये ‘शुद्ध’ करून पाठवली. चौथ्या दिवशी सगळी परत! सोबत देखरेख करणाऱ्यांची नम्र टिपणे. काही शब्दांतले नागमोडी चिन्ह मी कचरा समजून खोडले होते. कळफलकावरून ते बटण कोणत्या अक्षराने दाबायचे, हे ते चिन्ह सांगत होते. टक्क्याच्या खुणेमागचा रोमन ‘प्रॉडक्टनेम’ मी हौसेने मराठीत आणला होता. तिथे संगणक आपण होऊन नाव भरतो. आणि ‘फाइल’ची मी केली होती ‘धारिका’. त्यावर टीप होती: “शब्द चांगला आहे, पण बाकी सगळीकडे ‘फाइल’ आहे. एकाच घरात एकाची दोन नावे नकोत.”

त्या रात्री जेवण गोड लागले नाही. सौभाग्यवती शांतपणे म्हणाली, “तुमची मुलं रोज हेच सोसतात. आणि त्यांना कारणसुद्धा कळत नाही!”

बोलणे वर्मी लागले. दुसऱ्या दिवशी फक्त ‘रद्ध’चे ‘रद्द’ केले, खाली एका ओळीत कारण लिहिले आणि पाठवून दिले. दोन दिवसांत स्वीकारले गेले!

वाचकहो, यातली रीत सोपी आहे. आपण रोज वापरतो तेच काम निवडावे. तिथले नियम आणि जुनी चर्चा आधी वाचावी. चूक सापडली तर ती कुणी आधी कळवली आहे का, ते पाहावे. कळवताना ‘चालत नाही’ एवढेच लिहू नये. काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले आणि आवृत्ती कोणती, ते सांगावे. ज्यांना संगणकाची भाषा येते त्यांनी मूळ मजकुराची प्रत घेऊन तीत बदल करावा आणि तपासायला पाठवावा. असा प्रत्येक बदल कुणी, केव्हा, का केला, याची नोंद ठेवणारी ‘गिट’ नावाची वहीही टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये तयार केली. ज्यांना ती भाषा येत नाही त्यांनी भाषांतर करावे, सूचना-पुस्तिका नीट करावी. मात्र एका वेळी एकच बदल, आणि सोबत कारण. परत आला तर रुसू नये.

जूनमध्ये कॉलेज सुरू झाले. पहिल्या वहीवर लाल रेघ ओढली आणि हात थबकला. मग समासात कारण लिहिले. एक वही तपासायला आता दुप्पट वेळ लागतो. परवा एक मुलगी वही घेऊन आली आणि म्हणाली, “सर, तुमचं हे कारण मला पटलं नाही.”

तिचेच बरोबर होते. मी माझी लाल रेघ खोडली.